राजाचा शब्द आणि सैन्याचे मनोबल : सुरतेच्या वाटेपासून नेसरीच्या खिंडीपर्यंत

सुरत शहराच्या दक्षिण अंगास उधना, पांडेसरा आणि बमरोली ही उपनगरे एकमेकांना लागून आहेत. एके काळची ही खेडी आज महानगरात मिसळून गेली आहेत. यंत्रमाग आणि कापड-प्रक्रियेच्या धंद्यामुळे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची तेथे मोठी वस्ती झाली असून सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांतून मराठी माध्यमाची सोयही आहे. या परिसरातील मुलांना शिवकालाचा इतिहास शिकविताना एक गोष्ट सहज साधता येते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज गणदेवीवरून पुढे सरकून सुरतेबाहेर उधन्याजवळ आली होती. म्हणजे बमरोलीच्या मुलाला तो मुक्काम नकाशात शोधावा लागत नाही. तो त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पण हीच गोष्ट शिक्षकाला अवघडही वाटते. एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांची सुरतकर कुटुंबे राहतात. त्यांच्या स्मरणात तो प्रसंग 'लूट' म्हणून आहे, तर मराठी पुस्तकांत तो कधी 'लूट', कधी 'स्वारी' म्हणून येतो. कोणता शब्द वापरावा, या प्रश्नाने पाठाचा आरंभ झाला तर ते चांगलेच आहे; कारण या लेखाचा विषयच मुळी शब्दांची निवड हा आहे. राजाने लढाईपूर्वी किंवा लढाईच्या ऐन धुमाळीत कोणते शब्द वापरले, त्या शब्दांनी माणसांच्या मनात काय घडविले, आणि तोच शब्द कधी उलटून राजाच्याच जिव्हारी कसा लागला, याचा अभ्यास सुरतेच्या वाटेवर सुरू करून नेसरीच्या खिंडीत पुरा करता येतो. या दोन ठिकाणांना जोडणारा माणूस म्हणजे सरनोबत प्रतापराव गुजर.

सुरतेच्या छावणीतील एक क्षण

५ जानेवारी १६६४ रोजी मराठी फौज जवळ आल्याची बातमी सुरतेत पसरली. महाराजांनी शहराचा सुभेदार इनायतखान आणि हाजी सय्यद बेग, वीरजी व्होरा, हाजी कासम या तीन मोठ्या व्यापाऱ्यांना निरोप पाठवून समक्ष येऊन खंडणी ठरविण्यास सांगितले होते. उत्तर आले नाही. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. महाराजांचा तळ शहराच्या बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरील एका बागेत पडला.

७ जानेवारीस सुभेदाराचा एक तरुण वकील बोलणे करण्याच्या मिषाने आला. बोलता बोलता त्याने लपविलेला खंजीर काढून महाराजांवर धाव घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला; परंतु धावेचा जोर इतका होता की तो महाराजांवर आदळला आणि दोघेही जमिनीवर पडले. रक्ताने माखलेले महाराज पाहून ते मारले गेले असे सैनिकांना वाटले आणि सर्व कैद्यांची कत्तल करा, अशी ओरड छावणीभर उठली.

महाराज लगेच उठून उभे राहिले आणि कत्तल करू नये असे त्यांनी बजाविले. ओरड थांबली. इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत हा प्रसंग नोंदलेला आहे. त्याच नोंदीत पुढची हकीकतही आहे आणि ती वर्गात लपवू नये. कैद्यांना समोर आणवून त्यांतील चौघांची डोकी व चोवीस जणांचे हात तोडण्यात आले, बाकीचे वाचले. त्या काळच्या शासनाची रीत कठोर होती आणि तो कठोरपणा तेथे दिसतो. परंतु आपला राजा मेला असे मानून खवळलेली फौज एका आज्ञेने जागच्या जागी थांबते, ही घटना अभ्यासकाने थोडा वेळ न्याहाळावी. संतापलेल्या जमावाला थांबविणारे वाक्य लांब असू शकत नाही, आणि ते बोलणाऱ्याच्या शब्दाची पत आधीच बसलेली असावी लागते. ती पत लढाईच्या दिवशी निर्माण होत नाही. ती वर्षानुवर्षे जमा होत जाते.

अफजलखानाच्या वेळचे बोलणे

ही पत कशी जमली हे पाहावयाचे तर पाच वर्षे मागे, १६५९ मध्ये जावे लागते. अफजलखान मोठ्या फौजेनिशी विजापुराहून निघाला आणि मावळातील देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली. जून १६५९ मधील असे एक फर्मान कान्होजी जेधे यांच्या नावाचे आहे. खानास सामील व्हावे, न झाल्यास वतन जाईल, असा त्याचा आशय. कान्होजी ते फर्मान आणि आपले पाच पुत्र घेऊन महाराजांकडे आले.

अशा वेळी राजा काय बोलेल? स्वामिनिष्ठेची आठवण देईल, धर्माची आण घालील, किंवा बक्षिसाचे आमिष दाखवील, असे सर्वसाधारणपणे वाटते. जेधे घराण्याच्या करीन्यात जी हकीकत आहे ती याहून वेगळी आहे. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले आहेत, तुम्ही न गेलात तर वतनास अपाय होईल, जिवावर बेतेल, म्हणून तुम्हीही जावे, असे महाराजांनी त्यांना उघड सांगितले. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शपथेची आठवण सांगितली आणि हाती पाणी घेऊन वतनावर सोडले. वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे आजच्या मुलाला समजावून सांगावे लागेल. देशमुखाचे वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे; त्यात घराण्याचे नाव, मान, पिढ्यांचे पूर्वसंचित आणि पुढील पिढ्यांची भाकरी हे सर्व येते.

या बोलण्यातील शब्दयोजना लक्षपूर्वक पाहावी. महाराजांनी धोका झाकला नाही, उलट तो मोजून दाखविला, आणि निघून जाण्याची वाट मोकळी ठेवली. जाण्याची वाट मोकळी असताना जो थांबतो तो स्वतःच्या निश्चयाने थांबतो, आणि तो निश्चय दुसऱ्या कोणी दिलेल्या हुकमापेक्षा अधिक टिकतो. महाराजांनी हे हिशेब करून केले की स्वभावाने, हा प्रश्न निराळा. परिणाम मात्र स्पष्ट आहे. जेध्यांचे पाहून मावळातील इतर देशमुखांनाही धीर आला.

खानाच्या भेटीला निघण्यापूर्वी महाराजांनी आपल्या मुत्सद्द्यांना जे सांगितले त्याचा आशय कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत दिला आहे. ही बखर महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे लिहिली गेली. जय मिळाला तर आपण आहोतच. पण प्राण गेला तर पुत्र संभाजीराजे यांस राज्य देऊन सर्वांनी त्यांच्या आज्ञेत राहावे, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. येथे वीररसाचा एकही शब्द नाही. घरचा कर्ता पुरुष लांबच्या प्रवासाला निघताना निरवानिरव करतो, तसे ते बोलणे आहे. परंतु त्यात राजाने स्वतःचा मृत्यू स्वतःच्या तोंडाने उच्चारला आहे. आपला राजा आपल्या मरणाचा हिशेब मांडून पुढे जातो आहे हे ज्यांनी ऐकले, त्यांना आणखी काही सांगावयाची गरज राहिली नसेल.

अन्य देशांतील दोन उदाहरणे

राजाने प्रथम स्वतःचे काही पणाला लावावे आणि मग सैन्याला शब्द द्यावा, हा प्रकार इतरत्रही दिसतो. मार्च १५२७ मध्ये खानव्याच्या रणांगणावर राणा संगाची फौज समोर असताना बाबराचे सैन्य खचले होते; ज्योतिष्याने अशुभ भविष्य सांगून त्यात भर घातली होती. बाबराने प्रथम स्वतः मद्यपान सोडले, सोन्यारुप्याचे प्याले फोडून ते गरिबांना वाटले, आणि मग सरदारांना जमवून, जन्मलेल्या प्रत्येकास मरण आहे, तेव्हा अपकीर्तीने जगण्यापेक्षा सुकीर्तीने मरावे, अशा आशयाचे भाषण करून कुराणावर हात ठेवून शपथ घेवविली. हा वृत्तांत त्याने तुर्की भाषेतील आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या भाषणातील विचार नवीन नव्हता. आधी फुटलेल्या प्याल्यांनी त्याला वजन आणले.

१५८८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या आरमाराची भीती असताना इंग्लंडची राणी एलिझाबेथ टिलबरी येथील छावणीत गेली आणि आपण सैनिकांमध्येच जगावयास व मरावयास आलो आहोत, असे तिने सांगितले. त्या भाषणाचा प्रचलित पाठ काही दशकांनंतरच्या एका पत्रातून आलेला आहे. राजांची भाषणे बहुधा अशीच, नंतरच्या लेखणीतून, आपल्यापर्यंत पोहोचतात. सभासदाच्या बखरीबाबतही हे ध्यानात ठेवावयास हवे.

नावाचा किताब

महाराजांच्या शब्दयोजनेचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो भाषणांपेक्षाही अधिक काळ काम करीत राही. तो म्हणजे किताब. लष्करात कडतोजी गुजर नावाचा एक पराक्रमी पुरुष होता. नेताजी पालकरानंतर महाराजांनी त्याला सरनोबती दिली, आणि त्याचे जुने नाव दूर करून 'प्रतापराव' हे नवे नाव दिले. पुढे हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' हे नाव याच रीतीने मिळाले. पदाबरोबर वस्त्रे व घोडा देण्याची रीत सर्वच दरबारांत होती. पण वस्त्र विरते, घोडा मरतो. नाव मात्र माणसाला सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. ज्याला दिवसातून शंभर वेळा 'प्रतापराव' म्हणून हाक येते, त्याला त्या शब्दाला साजेसे वागणे भाग पडते.

शब्दांविषयीची ही जागरूकता महाराजांच्या कारभारात पुढेही दिसते. राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आली, 'सरनोबत' हा 'सेनापती' झाला, आणि राज्यव्यवहारातील शब्दांचा एक कोशच त्यांच्या आज्ञेने तयार करण्यात आला.

प्रतापरावांनी आपले नाव खरे केले. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर दुसरी स्वारी झाली. तेथून बागलाणमार्गे परतणाऱ्या फौजेला दाऊदखानाच्या मोगली सैन्याने दिंडोरीजवळ गाठले, तेव्हा महाराज स्वतः चिलखत घालून, हाती पट्टे चढवून लढाईत उतरले आणि प्रतापराव फौजेच्या आघाडीवर होते. बमरोलीच्या शाळेतील कित्येक मुलांचे आजोळ याच मुलखात, खानदेश-बागलाणच्या पट्ट्यात असते. त्यांनी ही वाट नकाशावर बोटाने काढून पाहावी. दीड वर्षाच्या आत, १६७२ च्या आरंभी, त्याच पट्ट्यातील साल्हेरच्या पायथ्याशी प्रतापराव आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांचा मैदानी लढाईत मोठा पराभव केला. गनिमी काव्यात तरबेज असलेली फौज उघड्या मैदानावरही जिंकू शकते, हे साल्हेरने दाखविले.

उमराणीचा सोडलेला शत्रू

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने पन्हाळा घेतला. तो परत मिळविण्यासाठी विजापुराहून बहलोलखान निघाला. त्याला वाटेतच अडविण्याची कामगिरी प्रतापरावांवर आली. एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, आजच्या जत तालुक्यातील उमराणी येथे प्रतापरावांनी खानाची फौज घेरली आणि तिचे पाणी तोडले. दिवसभर लढाई झाली. तहानेने व्याकूळ झालेल्या खानाने गयावया करून वाट मागितली, आणि प्रतापरावांनी ती दिली.

त्यांनी असे का केले, याविषयी तर्क करता येतात. शरण आलेल्या, पाण्यावाचून तडफडणाऱ्या शत्रूवर शस्त्र चालवू नये, ही भावना रजपूत-मराठ्यांत जुनी आहे. आणि खान पुन्हा मराठी मुलखाच्या वाटेस जाणार नाही असा शब्दही प्रतापरावांनी खरा मानला असावा. मात्र खानाने तो शब्द पाळला नाही. सावरताच तो पुन्हा पन्हाळ्याच्या रोखाने आला आणि मुलखात धामधूम करू लागला.

हे कळल्यावर महाराज संतापले. त्यांचा संताप रास्त होता. हाती आलेला शत्रू सोडल्याची किंमत पन्हाळ्याच्या रयतेला मोजावी लागत होती. शिवाय राज्याभिषेकाची तयारी सुरू होती आणि दक्षिणेची सरहद्द निर्धोक असणे आवश्यक होते. त्यांनी प्रतापरावांना पत्राने विचारले की सला, म्हणजे तह, कोणत्या कारणाने केला? आणि सभासद सांगतो त्याप्रमाणे पुढे बजाविले की खानास बुडवून फत्ते केल्यावाचून आम्हांस तोंड दाखवू नये.

या शब्दाचे वजन

मराठी घरात 'तोंड दाखवू नकोस' हा शब्दप्रयोग कोण कोणाला म्हणते? बाप मुलाला म्हणतो, थोरला भाऊ धाकट्याला म्हणतो. परक्याला कोणी असे म्हणत नाही, कारण परक्याच्या तोंड दाखविण्या-न दाखविण्याने आपले काही अडत नाही. म्हणजे हा दरबारी भाषेतील शब्द नव्हे. तो घरातला शब्द आहे. राजा येथे अधिकाऱ्याशी बोलत नाही, घरच्या माणसाशी बोलतो आहे. त्या शब्दात जितका राग आहे तितकीच आपुलकीही आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत खोल जातो. महाराजांनी सरनोबती काढून घेतली असती, दंड केला असता, तरी प्रतापराव ते सोसून पुढच्या मोहिमेला लागले असते. पण ज्याला 'प्रताप' हे नाव दिले त्यालाच तोंड लपविण्यास सांगितले, तेव्हा त्या माणसापाशी नावही उरले नाही आणि तोंडही उरले नाही.

दुसरी गोष्ट अशी की या आज्ञेत अट आहे, पण मर्यादा नाही. खानाला मारावे हे सांगितले. किती फौजेनिशी, केव्हा, कोणत्या रीतीने, हे सांगितले नाही. संधी नसेल तर काय करावे, हेही नाही. कान्होजी जेध्यांना दिलेल्या शब्दात परतीची वाट होती, अफजलखानाच्या वेळच्या निरवानिरवीत पराभवाचीही सोय होती. येथे दोन्ही नाहीत. शिवाय त्या दोन्ही वेळी राजा स्वतः त्या संकटात उभा होता. या पत्रात पणाला लागलेली अब्रू एकट्या प्रतापरावांची होती.

सैन्याला चेतविणारा शब्द आणि सेनापतीला पेटविणारा शब्द यांत फरक आहे. सामान्य सैनिक शब्दाने चेततो, पण त्याला आवरणारा नायक त्याच्या डोक्यावर असतो. नायकच पेटला तर त्याला आवरणारा जागेवर कोणी नसतो.

नेसरी, २४ फेब्रुवारी १६७४

पुढील घटना सर्वश्रुत आहे. आजच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीजवळ, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेवर, खानाची फौज येत असल्याचे प्रतापरावांना कळले. मुख्य फौज मागे होती. तिची वाट न पाहता ते मूठभर स्वारांनिशी खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि मारले गेले.

हे स्वार किती होते? इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याने ४ एप्रिल १६७४ रोजी रायगडाहून मुंबईस पाठविलेल्या पत्रात, प्रतापराव आणि आणखी सहा घोडेस्वार दोन टेकड्यांमधील चिंचोळ्या वाटेत मारले गेले आणि बाकीच्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, असे कळविले आहे. घटनेनंतर अवघ्या सहा आठवड्यांतील हा समकालीन पुरावा असल्याने 'सात' हा आकडा केवळ कवींच्या कल्पनेतून आलेला नाही, हे सिद्ध होते. त्या सहा जणांची नावे म्हणून ज्या याद्या आज सांगितल्या जातात त्यांना मात्र अशा समकालीन पत्राचा आधार नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे हा प्रसंग मराठी मनात कायमचा कोरला गेला आहे. ती कविता मुलांना पाठ असते आणि असावीही. इतिहासाच्या तासाला तिच्यापुढे एक पाऊल टाकून असा प्रश्न विचारला पाहिजे की हजारोंच्या फौजेचा सरनोबत सहा स्वारांनिशी का निघाला? लष्करी शहाणपणात या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. प्रतापरावांनी साल्हेर जिंकली होती. फौज गोळा होईतो थांबावे हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. उत्तर त्या पत्रातील शब्दांत सापडते.

या बलिदानाचा गौरव करताना त्याचा परिणामही सांगावा लागतो. त्या दिवशी खान जिंकला. सरनोबत गेला, आणि राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर असताना मराठी फौज काही काळ नायकाविना राहिली. आनंदराव मकाजी यांनी फौज सावरली. मार्चमध्ये बंकापुराजवळील संपगावची पेठ लुटून त्यांनी पाठलागावर आलेल्या विजापुरी सैन्याचा पराभव केला. पुढे हंसाजी मोहिते हंबीरराव या नावाने सरनोबत झाले.

बातमी ऐकून महाराजांना अत्यंत दुःख झाले. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी त्यात स्वतःच्या पत्राचा उल्लेख केला : फत्ते केल्यावाचून तोंड दाखवू नये असे आपण लिहून पाठविले, आणि प्रतापरावांनी ते शब्दशः खरे करून दाखविले. राजाने सेनापतीच्या मृत्यूचे कारण शत्रूच्या फौजेत न शोधता आपल्या लेखणीत शोधावे, याची उदाहरणे बखरवाङ्मयात थोडी आहेत. सभासदाने ते झाकले नाही, हा त्याचा मोठेपणा. मार्च १६८० मध्ये, महाराजांच्या निधनापूर्वी काही आठवडे, राजाराम महाराजांचा विवाह प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी झाला.

छावणीला लिहिलेले दुसरे पत्र

त्याच सुमाराचे, १६७३-७४ मधले, महाराजांचे आणखी एक पत्र अभ्यासाला घेतले म्हणजे त्यांच्या शब्दांची दुसरी बाजू दिसते. ते चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना लिहिलेले आहे. त्यात शत्रू नाही, रणशिंग नाही. आहे ते गवत, दाणा आणि दिवा. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण आताच बेपर्वाईने उडविलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेकडून धान्य, भाकर, गवत, भाजी ओढून आणू लागाल, लोक गाव सोडतील, आणि यांच्यापेक्षा मोगल बरे असे त्यांना वाटेल. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि मग कुणब्यांच्या गर्दना मारल्या तरी एक लाकूड मिळणार नाही.

या पत्रात प्रत्येक आज्ञेमागे कारण दिलेले आहे. हुकूम मोडला तर काय शिक्षा होईल यापेक्षा काय घडेल, हे चित्र उभे केले आहे. वाचणारा हवालदार खेड्यातला. त्याला उंदीर, वात आणि गंजी हे तिन्ही ठाऊक. म्हणून राजाने तेच शब्द घेतले. एकाच लेखणीतून, थोड्याच काळाच्या अंतराने, ही दोन पत्रे उतरली आहेत. एक रागात, एका माणसाच्या मानावर घाव घालणारे. दुसरे थंड डोक्याने, शेकडो माणसांच्या समजुतीला हात घालणारे. पहिल्याने एक वीर मरणाला सामोरा गेला. दुसऱ्याने किती घोडी आणि किती गावे वाचली याची नोंद कोणी ठेवीत नसते, आणि त्यावर कोणी कविताही करीत नाही.

वर्गातील पाठासाठी

हा विषय दोन तासिकांत घेता येईल. पहिल्या तासिकेत नकाशाचे काम द्यावे : सुरत, गणदेवी, साल्हेर, दिंडोरी, पन्हाळा, उमराणी, नेसरी आणि चिपळूण ही स्थाने दाखवून प्रत्येकापुढे वर्ष लिहावयास सांगावे. बमरोली-उधन्याच्या परिसरातील शाळेने आरंभ स्वतःच्या शाळेपासून करावा. १६६४ च्या प्रसंगासाठी कोणता शब्द वापरावा याची चर्चा या तासिकेतच होऊ द्यावी. शहरातील व्यापारी, मराठी स्वार आणि इंग्रज वखारवाला या तिघांनी तोच प्रसंग घरी कोणत्या शब्दांत सांगितला असता, हे मुलांकडून वदवून घेतल्यास ती चर्चा भांडणाकडे जात नाही.

दुसऱ्या तासिकेत साधनांचा भेद समजावून द्यावा. नारायण शेणवीचे पत्र घटनेनंतर सहा आठवड्यांचे, सभासदाची बखर वीस-एक वर्षांनंतरची, कविता तीन शतकांनंतरची. तिघांचे काम वेगवेगळे आहे. एकाचे काम दुसऱ्याकडून मागू नये. त्यानंतर पुढील लेखन घरून करून आणावयास द्यावे. उमराणीची बातमी नुकतीच आली आहे, बहलोलखान पुन्हा पन्हाळ्याकडे निघाला आहे, आणि प्रतापराव फौजेसह बाहेर आहेत. खानाचा बंदोबस्त झालाच पाहिजे, सरनोबताला त्याची चूक कळलीच पाहिजे, आणि तो फौजेसह रायगडी परतलाही पाहिजे. या तिन्ही गोष्टी साधतील असे पत्र दहा ओळींत लिहा.